न दिलेल्या निरोपाचं कारण

कारकूनबाईंनी रजिस्टर खिडकीतून तिच्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिच्या नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं, 'गैरहजर'.

"तुमची तोंडी परीक्षा काल झाली," बाई म्हणाल्या.

"आज आहे. अकरा वाजता." तिने काखेतला प्रबंध पुढे केला, जणू तोच पुरावा.

"एक दिवस अलीकडे घेतली. बाहेरच्या परीक्षकांना आज तीनला निघायचंय. परवा मी स्वतः तीनदा फोन केला तुम्हाला. कोणी वडीलधारे होते. 'मुलगी अभ्यासाला बसलीय, उठवता येणार नाही,' म्हणाले. तिन्ही वेळा तेच, आणि मी पुढचं सांगायच्या आत फोन बंद."

तिने प्रबंध पुन्हा काखेत घेतला.

फोन बाबांकडे तिनेच दिला होता. बहिःस्थ विद्यार्थिनीला ना वर्ग, ना घंटा, ना मागे लागणारं कोणी. मनाला जागेवर बसवायचं ते आपलं आपणच. पहिलं वर्ष फोनने खाल्लं, दुसरं आल्यागेल्यांनी. तिसऱ्या वर्षी तिने कंबर कसली. सकाळी फोन खाली बाबांच्या शिलाईच्या दुकानात, वर खोलीचं दार बंद, आणि कोणीही आलं तरी हाक मारायची नाही. दोन महिन्यांपूर्वी मावशी आल्याचं सांगायला बाबा वर आले, तेव्हा तिने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. त्यानंतर दार कधी वाजलं नाही. घराला एकदाची शिस्त लागली म्हणून तिला बरंच वाटलं होतं. प्रबंध पुरा झाला तो त्या शिस्तीवरच.

"मग आता?"

"आता पुढच्या वर्षी. नाहीतर..." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "फोन ज्यांनी घेतला त्यांनी इथे यायचं, आणि निरोप का दिला नाही ते स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. कारण पटलं तर आजच घेतील. पण खरं लिहा म्हणावं. मागे एकाने दोनदा वारलेल्या आजोबांना तिसऱ्यांदा मारलं, तो अर्ज आम्ही फाडला."

दुकानात बाबा मशीनवर कोटाची बाही जोडत होते. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"झाली पण? एवढ्यात?" ते हसत उठले.

"परवा फोन आला होता?"

"आला होता की. एक बाई होती, भारी चिवट. तीनदा केला तिने. पण मी काही दाद दिली नाही." सांगता सांगता त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि आवाज उतरला. "काय काम होतं गं तिचं?"

तिने सांगितलं. रस्ताभर तिने खूप काही ठरवून ठेवलं होतं, पण बाबांचा चेहरा टेबलावरच्या खडूसारखा पांढरा पडलेला पाहून त्यातलं निम्मंअधिक गिळलं.

"वाटलं, तुझा अभ्यास मोडायला नको," ते म्हणाले.

"निदान जेवताना तरी सांगायचं!"

"तू पुस्तक घेऊन जेवत होतीस."

तिने घड्याळात पाहिलं. "बरं, चला आता. विसरलो म्हणून लिहा. या वयात माणूस विसरतो, कोणी काही म्हणणार नाही."

"बरं," बाबा म्हणाले. गळ्यातली टेप त्यांनी काढून ठेवली आणि बाही सुईखाली तशीच सोडून पायात चपला घातल्या. भरदिवसा दुकान बंद करताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

खिडकीशी त्यांनी छापील नमुन्याचा कागद घेतला आणि भिंतीकडच्या बाकावर बसून लिहायला लागले. थांबले, पुन्हा लिहायला लागले. एक वाजून दहा मिनिटं झाली. दोन ओळींचं तर काम, तिला वाटलं, किती तो वेळ. शेवटी त्यांनी सही केली आणि कागद आत सरकवला.

कारकूनबाई खिडकीवर आलेला प्रत्येक कागद मोठ्याने वाचून घेत, म्हणजे मागाहून कोणी शब्द फिरवायला नको. हाही त्यांनी वाचला.

"'फोन मी घेतला. विद्यापीठाचा आहे हे समजले होते. सांगण्यासाठी दोनदा वर गेलो. दोन्ही वेळा दाराशी उभा राहून परत आलो. मुलगी ओरडली की मला भीती वाटते. वरील मजकूर खरा आहे.'"

बाईंनी मान वर केली, आणि पाहिलं ते तिच्याकडे, बाबांकडे नाही. मग शिक्का उचलून कागदावर मारला.

"कारण मान्य. वरचा मजला, डावीकडची खोली. पळा."

तिला पाऊल उचलेना. सकाळी वर्ष हातचं गेलं असं कळलं होतं, तेव्हाही एवढा धक्का बसला नव्हता. दोनदा. त्या जिन्याला पंधरा पायऱ्या होत्या, बाबांचे गुडघे दुखत होते, आणि ते दोनदा चढले होते. दाराच्या आत ती होती, आणि तिचं लक्ष जराही ढळलं नव्हतं.

"बाबा..."

"तू सांगितलंस तसंच लिहिणार होतो," बाबा खालच्या आवाजात घाईघाईने म्हणाले. "पण खाली छापलंय ना, वरील मजकूर खरा आहे म्हणून." ते अर्धं पाऊल मागे सरले. "रागावलीस का?"