ढोली

जिन्यावर पावलं वाजताच तिने कॅनव्हास भिंतीकडे वळवला. पण खालचा रंग अजून ओला होता, त्यामुळे तो नीट टेकवता येईना. तेवढ्यात आई आत आलीच.

"माझ्यापासून काय लपवतेस? उद्या प्रदर्शनात सारं गाव बघणार, मी एकटीच परकी होय?"

आईने स्वतःच चित्र वळवलं. अर्धी झाड झालेली एक बाई. केसांच्या वेली झालेल्या, घोट्यांतून मुळं फुटलेली. छातीवर एका बाजूला स्तन, दुसऱ्या बाजूला खोल ढोली, आणि ढोलीतून डोकावणारा पिंगळा. चेहरा पानांआड होता, पण पायाची वाकडी करंगळी आईचीच होती. लेकीची ही जुनी खोड: चेहरा झाकायचा आणि चोरी पायाशी उघडी ठेवायची.

सहा वर्षांपूर्वी आईने सगळ्यांना पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, लेकीलासुद्धा. त्यावर घरात पुन्हा कोणी ब्र काढला नव्हता. आणि तीच गोष्ट तिने माणसाएवढी उंच रंगवून ठेवली होती. आई नको म्हणाली तर चित्र द्यायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं; विचारायचं धाडस मात्र आजवर झालं नव्हतं.

आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. पिंगळा छान जमलाय म्हणाली. एवढी मुळं असती तर तुझे तीन जिने कशाला चढले असते, अशी थट्टाही केली. लेकीला हसू येईना. खाली प्रदर्शनवाल्यांच्या टेम्पोने हॉर्न दिला.

"आई, तू नको म्हण. मी नाही पाठवत."

"पाठव की." आईचं बोट चित्रापासून वीतभर अंतरावर थांबलं. "पण बाजू चुकलीय. माझी डावी काढली. तू उजवी दाखवलीस."

लेक चित्राकडे बघत राहिली. आईला तसं तिने एकदाच पाहिलं होतं: पट्टी सुटली त्या दिवशी, अर्धवट उघड्या दारातून, कपाटाच्या आरशात. मग चाहूल लागू न देता ती निघून गेली होती. आरशात दिसलं तसंच तिने रंगवलं होतं.

आईच्याही ते आता लक्षात आलं.

"म्हणजे दारात तू होतीस," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, वाऱ्याने दार हललं. आत का नाही आलीस गं? ब्लाउजची पाठीमागची गाठ मला एकटीला बांधता येत नव्हती."