लाल खूण नसलेली पेटी

लॉस एंजेलिसमधल्या त्या कार्टूनच्या स्टुडिओत एक नियम सगळे डोळे मिटून पाळायचे. पेटीवर लाल खडूची खूण नसेल, तर तिला पाणी लावायचं नाही. कागदावरची चित्रं बायका टाकाने कचकड्याच्या पारदर्शक पत्र्यांवर उतरवायच्या, कॅमेऱ्याने त्यांचे फोटो घेतले जायचे, मग कॅमेरेवाला पेटीवर लाल खूण करून ती खाली मोरीत पाठवायचा. तिथे शाई धुतली की तेच पत्रे पुन्हा वापरायला तयार. कचकडं महाग, आणि मालक हॉलबर्गसाहेब पक्के चिक्कू.

मंगळवारी सकाळी मोरीत आलेल्या पेटीवर खूण नव्हती.

विनीने ती उलटसुलट करून पाहिली. ती खरं तर शाईवाली. पण सोमवारपासून वरून काहीच काम आलं नाही, म्हणून तिला मोरीतल्या कूकाच्या मदतीला धुवायला बसवलं होतं. पेटीत जिमसन होता, तिच्या नवऱ्याने, एमेटने जन्माला घातलेला गाणारा बोकड. मालिकेतलं हे दहावं बोलकं कार्टून, आणि यातली एकेक रेघ विनीने गेल्याच आठवड्यात ओढली होती. त्याचे फोटो अजून निघायचे होते.

कुणीतरी घोळ घातला असणार, म्हणून तिने कूकाला वर विचारायला पिटाळलं. कूका परत आली ती एकेक पायरी सावकाश उतरत.

"घोळ नाही गं," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, धुवून टाका. आणि मला बसायला खुर्ची दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा."

विनीने पेटी खाली ठेवली.

"त्या मांजराची मालिका बंद केली तेव्हाही असंच झालेलं," कूका नळ सोडत म्हणाली. "पेट्या मंगळवारी आल्या. माणसांना शुक्रवारी सांगितलं."

न्यूयॉर्कला असताना एमेटची पहिली मालिका चौथ्याच कार्टूनला बंद पडली होती. त्या संध्याकाळी त्याने सगळी चित्रं शेगडीत घातली आणि मग उजवा हात तापलेल्या तव्यावर ठेवला. हात घसरला, असं त्याने डॉक्टरला सांगितलं. विनी दारातच उभी होती, हात घसरला नव्हता. त्याची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. उरलेल्या तीन बोटांनी त्याने जिमसन काढला, आणि लोक हसले, तेव्हा कुठे तो माणसात आला होता.

तिने धुवायला घेतलं. नकार दिला असता तर कूकाची नोकरी गेली असती, जिमसन काही वाचला नसता. काळं पाणी मोरीतून गुडगुडत जाऊ लागलं. एमेटला आज कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. गुरुवारी त्याचा भाऊ येईल, तेव्हा सांगू. तोवर शेगडी पेटवायचीच नाही, ब्रेड आणि गार मांसावर भागवायचं.

तेवढ्यात एमेट शीळ घालत खाली आला. हातात ताज्या चित्रांचा गठ्ठा.

"विने, बघ, आज बोकड स्वतःच्या सावलीला घाबरतो. चित्रं न्यायला कुणी फिरकेना, म्हटलं आपणच जावं. कोरे पत्रे आहेत ना?"

"ओले आहेत अजून," विनी घाईघाईने म्हणाली. "तू वर जा, मी घेऊन येते."

पण दोरीवरचा एक पत्रा त्याने काढलासुद्धा, आणि सवयीने खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. शाई धुतली जाते, टाकाच्या टोकाचे ओरखडे जात नाहीत. त्या ओरखड्यांतून जिमसन टोपी उंचावून उभा होता.

"हा पुलावरच्या प्रसंगातला," एमेट हळूच म्हणाला. "याचे फोटो कधी निघाले?"

कूकाने नळ बंद केला. एमेटने पेटीकडे पाहिलं, खडूच्या खुणेची रिकामी जागा पाहिली, मग कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. विनीने पुढे होऊन तो हात आपल्या काळ्या, ओल्या हातांत घट्ट धरला. तिला भयंकर भीती वाटत होती.

एमेट तिच्याकडे बघून हसला, अगदी शहाण्यासारखा.

"मी निघतो घरी," तो म्हणाला. "शेगडी पेटवून कॉफी टाकतो. तू ये सावकाश, सगळं धुऊन झालं की."

विनीने हात सोडला नाही.