सोवळ्यातला चमचा

बुधवार पेठेतल्या त्या मंगल कार्यालयात माणसं गुडघे उघडे टाकून एकमेकांचे फोड बघत होती. कुणाचा बोराएवढा, कुणाचा लिंबाएवढा. हिंदुराव महाराज दुखऱ्या गुडघ्यांवर लाकडी चमच्याने कसल्याशा मुळीचा लेप लावत. दुसऱ्या दिवशी फोड येई आणि पाणी गळे.

"तो वात! जेवढा फोड मोठा, तेवढी पीडा गेली!" महाराज सांगत.

लेपाला महाराज बोट लावत नसत. औषध सोवळ्यातलं! केवढी ही शुचिता, म्हणून बायका हात जोडत.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या श्यामसुंदरांनी बायकोला, द्वारकाबाईंना, हट्टाने तिथे नेलं.

"अहो, मला मधुमेह आहे. आणि महाराज स्वतः हात का लावत नाहीत?"

"शंका काढू नकोस."

फोड आला, संत्र्याएवढा. श्यामसुंदरांनी फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. फोड चिघळला तेव्हा महाराजांनी डबी दिली. "विष खोल आहे. घरी आणखी दोन लेप लावा." लावले. विसाव्या दिवशी डॉक्टरांनी पाय मांडीतून कापला.

भाची तनया आयुर्वेदाची डॉक्टर. तिने डबीतली मुळी ओळखली.

"मामा, हा चित्रक. पांढऱ्या फुलांचा, साधा. वैद्य तो चुन्याच्या निवळीत शुद्ध करून, अगदी थोडा, भूक लागावी म्हणून देतात. गरोदर बाईला तेवढाही नाही. कच्ची मुळी कातडीला लावली की कातडी भाजते. धडधाकट माणसालाही फोड येतो."

श्यामसुंदरांचा गुडघा आयुष्यात कधी दुखला नव्हता. त्यांनी उरलेला लेप त्याच्यावर थापला. सकाळी फोड घेऊन ते कार्यालयात गेले.

"महाराज, मला वात नाही, तरी हा आला. आता थोडा लेप आपल्या बोटाला लावू."

महाराजांनी हात पाठीमागे नेला. "मी सोवळ्यात आहे!"

"मग औषधही सोवळ्यातलंच आहे की!"

हात काही पुढे आला नाही. सगळ्या कार्यालयाने तो पाठीमागे गेलेला हात पाहिला. तरी चौघांनी आपापले गुडघे पुढे केलेच. फुकट आंधळं होण्याची हौस आपल्याकडे दांडगी.

वनस्पती चांगली की वाईट, हे तिच्या फुलावर लिहिलेलं नसतं. किती, कशी, कुणाला, हे जाणत्या डॉक्टरला विचारा. आणि जो देतो तो स्वतः का शिवत नाही, हे तर आधी विचारा. द्वारकाबाईंनी विचारलं होतं.

श्यामसुंदर इस्पितळात खाटेशी बसले आणि त्यांनी विजार गुडघ्याच्या वर सरकवली. "द्वारका, चुकलो गं मी."

द्वारकाबाईंनी फोड नीट पाहिला.

"छान आलाय. फोटो पाठवा सगळ्यांना."