दोन बोटांची चूक

मोजणीदारांनी चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले आणि मधोमध हे साखळी धरून उभे. शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या, पण माप कधी चुकलं नाही. निवृत्तीच्या दिवशी खात्याने अचूकतेचं प्रशस्तिपत्र दिलं. त्याची चौकट भिंतीवर वाकडी टांगलेली होती, पण ती मेव्हण्याने टांगली होती.

बायको गेल्यावर दीड खोली आणि ते एवढेच उरले. परगावच्या लेकीने वॉशिंग मशीन पाठवलं. आठवडाभर ते त्यांच्या खुर्चीसमोर सासुरवाडीच्या पाहुण्यासारखं बसून होतं. त्याला जागा एकच, बाथरूमच्या दाराशेजारचा कोनाडा. खाली मशीन, वर घडी घालायला फळी, त्यावर साबणाचं कपाट, असा सांगाडा बसवायचं ठरलं. सुतारही लेकीनेच शोधला.

सुतार जागा बघायला आला आणि तासभर बसला. त्याच्या सासूने घरात ठाण मांडलं होतं, ती कहाणी त्याने अर्धी सांगितली. निघताना म्हणाला, "माप तुम्हीच फोनवर कळवा. मोजणी खात्यातल्या माणसासमोर मी टेप काढणं बरं दिसत नाही."

त्या संध्याकाळी सिंकमध्ये दोन कप होते. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कोनाडा बरोबर सव्वीस इंच रुंद होता. फोनवर मोजणीदारांच्या तोंडून साडेसत्तावीस निघालं.

सांगाडा आला आणि दोन बोटांनी अडला. सुताराने कानावरची पेन्सिल काढून डोकं खाजवलं.

"भिंत फुगली की काय?"

"उकाडा आहे," मोजणीदार म्हणाले.

सांगाडा परत गेला. जाण्याआधी चहा झाला आणि कहाणीत सासूने कपाटाच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या. दुसऱ्या खेपेला उंची चुकली. तेव्हा सासू सुताराच्या वहिनीशी बोलेनाशी झाली. तिसऱ्या खेपेला सांगाड्याची खोली चुकली. मशीन इतकं पुढे आलं की त्याचं समोरचं काचेचं झाकण उघडलं तर बाथरूमचं दार उघडेना. आत गेलेल्या माणसाला मशीनमधले कपडे काढून होईपर्यंत बाहेर येता आलं नसतं.

सुताराने या वेळी स्वतःचा टेप काढला. मोजलं. भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे पाहिलं. चहा संपवला आणि सांगाडा घेऊन गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, सुतारदादा सांगत होते, तुम्हाला आकडे दिसत नाहीत."

"त्याला काय कळतंय."

"तीन वेळा चुकलात तुम्ही. तुम्ही! आता एकट्याने राहणं पुरे. इथे वयस्कांसाठी एक चांगली जागा आहे, नर्स असते. आमच्याकडेच आणलं असतं, पण आमची जागा तुम्हाला माहीत आहे. मी नाव घालून ठेवलंय. शनिवारी बघायला जाऊ."

फोन ठेवल्यावर मोजणीदारांनी खोलीभर नजर फिरवली. दहा फूट बाय साडेअकरा. तसूभरही न चुकता माहीत असलेली ही एवढीच जमीन त्यांच्या मालकीची होती.

दुसऱ्या दिवशी सुतार कापून आणलेला सांगाडा घेऊन आला.

"माझे डोळे ठीक आहेत," मोजणीदार दारातच म्हणाले.

"असतील."

"समोरच्या गाडीचा नंबर वाचून दाखवू?"

"रोज बघता, पाठ असेल."

मोजणीदार खाली बसले. "मापं मला माहीत होती. मुद्दाम चुकीची सांगितली."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही."

"कशासाठी, काका?"

"पहिल्याच खेपेला बसलं असतं, तर तुम्ही पुन्हा कशाला आला असता?"

सुताराने पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "मग सरळ बोलवायचं."

"काय म्हणून?"

सुताराने सांगाडा उचलून कोनाड्यात सरकवला. केसाचीही फट न राहता तो बसला. मशीन आत गेलं, झाकण उघडलं, बाथरूमचं दारही उघडलं. मग त्याने लेकीला फोन लावला.

"ताई, चूक माझी. माझ्या टेपचं टोक सैल झालंय, कधीपासून इंच दीड इंच जास्त कापलं जातंय. बाबांची मापं बरोबर होती. मी उगीच तुम्हाला घोर लावला."

सुतार गिऱ्हाइकाला असं म्हणतो हे मोजणीदारांनी जन्मात ऐकलं नव्हतं. शनिवार रद्द झाला. सुताराने जाता जाता भिंतीवरची चौकट बोटाने सरळ केली आणि चहा उभ्यानेच घेतला.

"सासूचं पुढे काय झालं?"

"गेली. काल गाडीत बसवून दिली."

म्हणजे तेही संपलं होतं.

तो गेल्यावर मोजणीदारांनी मशीनमध्ये दोन सदरे आणि एक टॉवेल टाकला. मशीन सहा किलो कपड्यांचं होतं. त्यांनी खुर्ची त्याच्यासमोर ओढली. काचेआड सदरे गोल फिरत होते, मध्येच काही आठवल्यासारखे थांबत होते आणि उलटे फिरायला लागत होते.

धुऊन झाल्यावर ते उठले. सिंकमध्ये दोन कप होते. त्यांनी आपला एकच विसळला.