गळणारं मशीन

सुनेने हट्ट करून हवा सुकवणारं मशीन आणलं, आणि सासऱ्यांचं त्या मशीनशी पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य जमलं.

गॅरेज सासऱ्यांचं, पण गाड्या रंगवायचा फवारा आता सुनेच्या हातात. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतल्या वाफेचं पाइपात पाणी होई, ते रंगात मिसळे आणि ताज्या रंगावर फोड उठत. नवं मशीन फ्रिजसारखं हवा गार करून ते पाणी आधीच वेगळं काढणार होतं. शिवाय काम कमी असलं की साठवलेल्या गारव्यावर भागवून मोटर बंद ठेवी, त्यामुळे वीजही वाचे. सासऱ्यांना नेमकं तेच खुपलं. दिवसाढवळ्या झोपा काढणारं मशीन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. रंगायला आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या गाडीवर फोड आले तर मशीन परत जाईल आणि फवारा पुन्हा आपण धरू, असं त्यांनी बजावलं.

दुपारी गाडीच्या दारावर फोड आलेच.

हा फवारा सुनेने मोठ्या मिनतवारीने मिळवला होता. ती मशीनच्या मागे गेली आणि वाकून पाहू लागली. पाणी बाहेर सोडणारी नळी दुमडून तारेने करकचून बांधली होती. ही गाठ तिच्या ओळखीची होती. घरातल्या प्रत्येक गळक्या नळावर ती असायची.

"बाबा, ही नळी तुम्ही बांधली?"

"सकाळपासून टपटप गळत होतं. तुझं नवं मशीन गळकं निघालं म्हटल्यावर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून बोललो नाही."

तिला हसावं की रडावं कळेना. गळणं हेच त्याचं काम, असं तिने समजावलं. सासऱ्यांनी तार सोडली, तशी साठलेल्या पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या पँटवर उडाली. मग दोघंही पोट धरून हसली.

पाइप कोरडे करून, दार घासून तिने पुन्हा रंग मारला. तो सुकेपर्यंत सासरे जागचे हलले नाहीत. एकही फोड आला नाही. तेवढ्यात मशीनची मोटर थांबली, तर त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी आपला आवाजही खाली आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आली तेव्हा नळीखाली बादली होती आणि रंगाच्या खोलीत सासऱ्यांची जुनी हिरवी स्कूटर. त्या स्कूटरला ते आजवर कोणाला फडकंसुद्धा लावू देत नसत.

"हिरवाच मार," ते म्हणाले. "मी बाहेर बसतो. आत राहिलो तर काहीतरी बांधून ठेवीन."