अफाफच्या नावावरची गाडी

अफाफ गेली, त्याला वर्ष व्हायच्या आत तिला रास-अल-बरच्या रस्त्यावर भरधाव गाडी हाकल्याबद्दल दंड झाला.

थट्टा नाही ही. आमच्या मनसुरा शहरात याचं कुणाला नवलही वाटायचं नाही. आमच्याकडे जुनी गाडी विकतात म्हणजे काय करतात? विकणारा आणि घेणारा नोंदणी कचेरीत जातात, विकणारा मुखत्यारपत्र करून देतो, किल्ली हातावर ठेवतो, झालं. वाहतूक खात्यात जाऊन नाव बदलायचं म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा कर, पुन्हा रांग. कोण करतोय ती उस्तवार! मग गाडी या दारातून त्या दारात फिरत राहते आणि कागदोपत्री मालक पहिलाच. तो बिचारा मेला तरी गाडीचा मालक म्हणून ठणठणीत असतो.

दंडाची बातमी आणली ती नगवानं. नगवा म्हणजे अफाफ आणि रिफअत उस्तादांची मुलगी, बँकेत नोकरीला. शुक्रवारी दुपारी ती वडिलांकडे जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर मोबाईलवर आपल्या गाडीचे दंड बघत होती, सहज आईच्या जुन्या गाडीचा नंबर टाकला आणि किंचाळलीच.

"बाबा, हे बघा, आईची गाडी घेतलेल्या त्या शिहाताचे प्रताप! अतिवेग, रास-अल-बर रस्ता. आणि नाव कुणाचं? अफाफ अब्दुल-गफ्फार मन्सी!"

रिफअत उस्तादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "किती होता वेग?"

"एकशे आठ."

"एकशे आठ? त्या खटाऱ्यात?" असं म्हणून ते जे हसत सुटले, ते थांबेचनात. अफाफ गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि हे आता हसणं राहिलेलं नाही हे नगवाला कळलं. ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

गाडी होती फियाट एकशे अठ्ठावीस, ऑलिव्हच्या लोणच्यासारखा तिचा रंग. अफाफ बाळंतपणाच्या इस्पितळात मुख्य परिचारिका. अडलेल्या बाईसाठी कुठून कधी बोलावणं येईल याचा नेम नसायचा, म्हणून तिनं लग्नातल्या बांगड्या मोडून गाडी घेतली आणि स्वतःच्या नावावर घेतली. त्या काळी आमच्या गल्लीत बाई गाडी चालवते म्हटल्यावर पोरं मागे धावायची. उस्ताद शाळेत मास्तर; तिथले सोबती त्यांना विचारायचे, "काय रे, आज बायकोनं कुठवर सोडलं?" उस्ताद म्हणायचे, "शाळेच्या दारापर्यंत. तुला तुझ्या बायकोनं कुठवर सोडलं, बसच्या थांब्यापर्यंत?" पण खरं सांगायचं तर त्यांना गाडी येतच नव्हती. एकदाच शिकायला बसले आणि उसाच्या रसवाल्याच्या टपरीत गाडी घातली. त्यानंतर जन्मभर ते शेजारच्या सीटवर.

आणि शेजारी बसून करायचे काय, तर एका हातानं दाराची मूठ आवळायची, दुसऱ्यानं माळ ओढायची आणि सारखं म्हणायचं, "हळू, अफाफ, हळू."

"उस्ताद, तुम्ही असं करा," अफाफ म्हणायची, "इथंच उतरा आणि चालत या. मी पुढं होऊन चहा टाकते."

दर उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड समुद्रावर, रास-अल-बरला. टपावर गाद्या, मागे नगवा आणि तिचा भाऊ, आता दम्मामला नोकरीला असलेला हाझिम, दोघांच्या मांडीवर भाताचं सारण भरलेल्या वांग्यांचं पातेलं, पायाशी कलिंगडं. दमिएत्ता आलं की मशब्बकसाठी थांबायचंच. तेलातून काढलेली ती जाळीदार मिठाई हातानं तोडून खायची आणि तेच चिकट हात स्टिअरिंगवर ठेवून अफाफ पुन्हा सुसाट. नदी समुद्राला मिळते तिथल्या भिंतीवर संध्याकाळी सगळे बसायचे. सुख म्हणजे दुसरं काय असतं हो? तेव्हा ते सुख आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं, एवढंच.

विकली तीसुद्धा तिनंच. आजारपणात क्लच दाबवेना, तेव्हा म्हणाली, उभी राहून गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटापाण्याला लागू दे. घ्यायला आला शिहाता, नदीपलीकडच्या तलखाचा नळजोडणीवाला. सोबत एक मेकॅनिक. तो मेकॅनिक गाडीभोवती फिरत दारं, छत, डिकी बोटांनी ठोकून बघायला लागला, कुठं पोच्यात लांबीचं लुकण भरून वरून रंग मारलाय का ते.

"ठोकून काय बघतोस? कलिंगड आहे का ते?" अफाफ खुर्चीतूनच ओरडली. "रंग कंपनीचा आहे, आतून बाहेरून. कुठं लांबी भरलेली सापडली तर गाडी फुकट घेऊन जा."

मागच्या चाकावरचा पत्रा तेवढा चेपलेला होता. तो पोचा तिनंच गाडी एका ट्रॅक्टरवर घालून आणलेला. पण रंग हलेल म्हणून तिनं तो कधी काढू दिला नाही. आमच्याकडे गिऱ्हाइकाला पोचा चालतो, नवा रंग चालत नाही. शिहातानं गाडी घेतली आणि त्या हिवाळ्यात अफाफ गेली.

त्या पहिल्या दंडानंतर मात्र शुक्रवारचा नेमच झाला. नमाज पढून, जेवून उस्ताद पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "नगवा, बघ गं, तुझ्या आईचं काही आलंय का."

कधी यायचं, कधी नाही. एकदा आलं, दमिएत्ताच्या बाजारात भलत्या जागी गाडी लावली. "मशब्बक घ्यायला उतरली असेल." एकदा आलं, पट्टा बांधला नाही. "तो तिनं कधी बांधला होता? पोटात रुततो म्हणायची." एकदा चक्क इस्माइलिया. "इस्माइलियाला काय काम काढलं हिनं? आंबे आले वाटतं." आणि मग दिवसभर माणूस खुशीत. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन सांगणार, आमच्या सौ. इस्माइलियाला जाऊन आल्या. न्हावी भला माणूस. तो विचारायचा, "आम्हाला आंबे नाही आणले ते?"

नगवाला यातलं काही गोड वाटत नव्हतं. तिचं बरोबरच होतं म्हणा.

"बाबा, दंडाचं ठीक आहे, शिहाता भरतो. उद्या त्यानं कुणाला उडवलं तर? सक्तीचा विमा आईच्या नावावर, परवाना आईच्या नावावर. पोलीस कुणाच्या दारात येतील?"

"मेलेल्या बाईवर खटला भरतात होय?"

"वारसांवर भरतात. तुम्हाला या वयात चौकीच्या पायऱ्या चढायची हौस आहे का?"

"बरं बरं. बघू."

ते 'बघू' किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका शुक्रवारी शिहाता स्वतःच दारात उभा. हातात पेरूंची पेटी. चहा झाला, तब्येतपाणी झालं, मग त्यानं हळूच विषय काढला. टपावर लोखंडी पाइप बांधून बांधून त्याचा खांदा निखळायला आला होता, त्याला छोटा टेंपो घ्यायचा होता. गाडीला मीत-गम्रचं एक गिऱ्हाईक मिळालं होतं, पण ते गिऱ्हाईक म्हणत होतं, मेलेल्या बाईच्या मुखत्यारपत्रावर मी गाडी घेत नाही, आधी वारसांनी सही करून नाव साफ करा.

"देवच पावला!" नगवा म्हणाली. "हाझिमची संमती दम्मामहून मागवू. आपण दोघं उद्याच जाऊ."

"उद्या नको," उस्ताद म्हणाले. "तिच्या मृत्यूचा दाखला कुठं ठेवलाय, शोधावा लागेल."

"माझ्याकडे आहे."

"मग उन्हाळा जाऊ दे. या उन्हात रांगेत कोण उभं राहणार?"

"काका, वाटलं तर मी रांग धरतो," शिहाता म्हणाला. "तुम्ही सहीपुरते या."

"तू गप बस रे! तुला कुणी विचारलं?"

शिहाता पेरूंकडे बघत बसला. नगवाचा पारा चढला. "बाबा, काय चालवलंय तुम्ही? गाडी विकलीय. आईनं स्वतः विकलीय. आता कसली सही अडवून धरताय? या माणसाचं गिऱ्हाईक जाईल!"

 उस्ताद बोलले ते खाली बघून.

"निवृत्तिवेतनाच्या कागदावर ती मयत. रेशनकार्डावर मयत. इस्पितळानं भिंतीवरच्या पाटीवरून नाव काढलं. मी सगळीकडे सह्या केल्या, केल्या की नाही? ही एकच जागा राहिलीय, नगवा. इथं सरकार म्हणतं, अफाफ आज दमिएत्ताला होती. अफाफ आज घाईत होती. ते खोटं आहे हे मला कळतं, मी काही खुळा नाही. पण मला ते ऐकायला आवडतं. आता तेही मीच जाऊन पुसू?"

नगवाचा राग कुठल्या कुठं गेला. तिला आई आठवली आणि तिनं तोंड फिरवलं. शिहाता उठून उभा राहिला.

"काका, राहू दे. मी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगतो. खांद्याचं काय, पट्टी बांधतो."

झालं! भांडला असता तर उस्तादांनी त्याला आणखी सहा महिने फिरवलं असतं. पण समोरचा माणूस असा माघार घेतो म्हटल्यावर काय करायचं? खोटं खोटं खाकरून ते म्हणाले, "बस खाली. सही करीन. पण एक अट आहे. आधी मला रास-अल-बरला घेऊन चल. त्याच गाडीतून."

दोन दिवसांनी शिहाता गाडी धुऊनपुसून घेऊन आला. उस्ताद आपल्या सीटवर बसले. गाडीत आता लोखंडाचा आणि डिंकासारख्या कसल्याशा सोल्यूशनचा वास होता. पण दार लावल्यावरचा तो पोकळ आवाज तसाच होता, आणि तेवढ्यानं त्यांना भरून आलं. शिहाता अगदी जपून चालवत होता, म्हातारा माणूस शेजारी आहे म्हणून. ट्रक त्याला मागे टाकून जात होते, गाढवाची गाडी तेवढी मागे राहत होती.

दमिएत्ता मागे पडलं, पुढं सरळ रस्ता लागला.

"दाब," उस्ताद म्हणाले.

"काय दाबू, काका?"

"गाडी दाब. मिरवणूक आहे का ही?"

"काका, पुढं कॅमेरा आहे. माझा पहिला दंड इथलाच."

"ठाऊक आहे. म्हणून तर म्हणतोय."

शिहातानं त्यांच्याकडे बघितलं. त्याला उमजायला वेळ लागला, पण उमजलं. त्यानं पाय दाबला. गाडी आधी कुरकुरली, मग थरथरली, मग जुनी खोड आठवल्यासारखी सुटली. काचा खडखडायला लागल्या. रिफअत उस्तादांचा हात आपसूक दाराच्या मुठीवर गेला. भीती? भीती तर वाटतच होती. तरी ते ओरडत होते, "आणखी! अरे आणखी दाब! ती याच्यापेक्षा जोरात नेते!" कॅमेऱ्याचा खांब आला आणि मागेही पडला.

दंड उमटायला थोडे दिवस गेले. तो उमटला, हाझिमची संमतीही आली, तसे उस्ताद, नगवा आणि शिहाता वाहतूक खात्यात गेले, कारण दंड भरल्याशिवाय नाव बदलत नाही. शिहाता खिशात हात घालायला लागला तसे उस्ताद त्याच्यावर डाफरले, "हा माझ्या घरचा मामला आहे," आणि एकटेच खिडकीशी गेले.

खिडकीतल्या तरुण कारकुनानं कागद बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला.

"हाजी, या अफाफ अब्दुल-गफ्फार तुमच्या कोण?"

"बायको."

"देवा रे! जन्मसाल बघतोय मी. या वयात एकशे चौदा?" तो हसायला लागला. "राग मानू नका, पण घरी गेल्यावर सांगा त्यांना. जरा हळू चालवा म्हणावं."

"पुष्कळ सांगितलं, पोरा," रिफअत उस्ताद म्हणाले. "ऐकत नाही."

कारकुनानं हसत हसत शिक्का मारला आणि पावती पुढं सरकवली. उस्तादांनी ती नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली. मग ते शेजारच्या खिडकीशी गेले. तिथं नगवा आणि शिहाता थांबले होते. त्यांनी नगवाकडून पेन घेतलं आणि सही केली.