पंप चालून राह्यला

“मधेच हे ‘स्टेइंग’ कुठून आलं, ताहेरभाई?” आकांक्षा मॅडमनी वही वर धरली. “पंप इज रनिंग अँड स्टेइंग! पंप कुठे मुक्कामाला राहिला?”

वर्ग हसला. ताहेरही हसला, पण चूक काय झाली ते त्याला कळलं नव्हतं.

“मॅडम, पंप चालून राह्यला. चालून म्हंजे रनिंग, राह्यला म्हंजे स्टेइंग. त एक शब्द सोडून कसा देऊ?”

पुण्याच्या बाईनं कपाळाला हात लावला असता. आकांक्षा अमरावतीची. घरी तीही स्वयंपाक ‘करून राहिली’ असायची. तिनं फळ्यावर ‘हॅज बीन रनिंग’ लिहिलं आणि ‘बीन’वर खडू आपटला. “हा घ्या तुमचा राह्यला. सकाळी सुरू केला, अजून चालूच आहे.”

“हां, मंग तसं सांगा ना!” ताहेर म्हणाला. पुढचे पंधरा दिवस त्याच्या वहीत बैल, बायको, ग्रामपंचायत, सगळे ‘हॅज बीन’ करत होते.

परतवाड्याच्या त्या कॉलेजात ‘कम्युनिटी’चा, म्हणजे गावकऱ्यांसाठीचा, एक वर्षाचा कोर्स निघाला होता. इंजिनिअरिंगची तोंडओळख आणि इंग्रजी लेखन, असे दोन विषय. पंचेचाळिशीतल्या, उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला इंग्रजी लेखनाची हौस असण्याचं काही कारण नव्हतं. ताहेर गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर अकरा वर्षं पंप चालवत होता. वरून फर्मान आलं की ऑपरेटरजवळ प्रमाणपत्र पाहिजे. सरपंच नत्थुजींनी त्याला बोलावून सांगितलं, “ताहेर, तू कागद आन. कागद असला त तुले कोनाचा बाप हलवत नाही.” म्हणून तो आठवड्यातून तीन दिवस सकाळचं पाणी सोडून जीपनं परतवाड्याला जायचा.

इंजिनिअरिंगच्या तासाला तर सरच त्याच्याकडून शिकत. बंद खोलीत पंप चालू असला तरी बाहेरून कान देऊन कुठलं बेअरिंग बसलं ते तो सांगे. त्याच्यासाठी नवी होती ती नावं. ज्याला तो जन्मभर पंखा म्हणत आला त्याला इम्पेलर म्हणतात, हे कळलं त्या दिवशी तो घरी येऊन दोनदा बोलून दाखवत होता. सुरैय्या, त्याची बायको, म्हणाली, “इंजिनियर साब, अब रोटी खा लो, ठंडी हो रही.” तिला मनातून फार बरं वाटत होतं.

त्या विषयात त्याला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. इंग्रजीत तो नापास झाला. चार मार्कांनी.

आकांक्षाचा विश्वास बसेना. कॉलेजात अर्जविनंत्या करून तिनं पेपर पाहायला मिळवला. व्याकरण स्वच्छ होतं. शेवटचा प्रश्न दहा मार्कांचा होता: पंप चालू आहे पण पाणी येत नाही, कारणे व उपाय इंग्रजीत लिहा. ताहेरनं चार वाक्यं लिहिली होती. ‘द पंप हॅज बीन रनिंग सिन्स मॉर्निंग. द पंप इज गुड. देअर इज नो वॉटर इन द वेल. द ऑपरेटर शुड स्टॉप द पंप अँड टेल द पीपल.’

बाहेरगावच्या परीक्षकानं खाली लाल शाईत शेरा मारला होता, ‘उत्तर विषयाला धरून नाही’. मार्क शून्य.

दुसऱ्या दिवशी ताहेर आला तेव्हा तिला राग आवरेना, आणि रागात तिची शुद्ध भाषाही सुटली. “फूट व्हॉल्व्ह, हवा धरणं, पाइपाची गळती, उलटी फिरणारी मोटार. झोपेत विचारलं तरी सांगसान तुमी. मंग काहून नाही लिवलं?”

“मॅडम, मी पंपाजवळ उभा हाव असंच समजून लिवलं. ते चारी त मी पह्यलेच पाहून घेतले असन ना! तिसरं साल हाये कोरडं. आपल्या इकडं पंप चांगला असून पानी येत नसन, त मंग काय असन? विहिरीत पानी नाही, अन मी पाइपाले नाव ठेवू?”

चूक परीक्षकाचीही नव्हती बिचाऱ्याची. त्याच्या गावच्या विहिरीला पाणी असेल.

फेरपरीक्षा ऑक्टोबरात होती. पण पुढच्या तुकडीला वीस पोरं लागतात आणि नावं आली सात. बाकीची शेती सोडून पुण्याला, सुरतेला कामाला गेलेली. कॉलेजनं कोर्स बंद केला. कोर्स नाही तर परीक्षा नाही.

नत्थुजी ताहेरच्या नजरेला नजर देत नव्हते. “वरून आलं बाप्पा. अकोल्याचा एक जन पाठवून राह्यले. त्याच्याजवळ कागद हाये. मी काय करू?”

“तुमी काय करसान, नत्थुजी,” ताहेर म्हणाला आणि पंपघराच्या किल्ल्या त्यानं त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

कोर्स बंद करतानाही फॉर्म भरावे लागतात. प्रत्येक विद्यार्थ्याचा एक, इंग्रजीत, त्याच्याच हातचा. ताहेरचा तेवढा राहिला होता, म्हणून आकांक्षा त्याच्या घरी आली. सुरैय्यानं चहा टाकला. ताहेरनं हात धुतले, चांगले पुसले आणि फॉर्म मांडीवर पाटी घेऊन भरायला बसला. नाव, वय, गाव. कोर्सचा काय फायदा झाला, या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘नाऊ आय नो द नेम्स ऑफ ऑल पार्ट्स.’

व्यवसाय या रकान्याशी तो अडला. चहा निवत आला.

“एका शब्दात लिवाचं का वाक्यात, मॅडम?”

“कसंही चालेल, ताहेरभाई.”

त्यानं सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं, ‘आय वॉज अ पंप ऑपरेटर.’ पूर्णविराम दिला आणि कागद तिच्या हातात दिला. “पाहून घ्या, काही चुकलं असन त.”

आकांक्षानं वाक्य दोनदा वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.